पेटी साफ

परवा तुमच्या वर्गाची रांग आमच्या पंपघरातून गेली. मोठ्या पंपांपाशी तुम्ही बराच वेळ थांबलात, कानांवर हात ठेवलेत, आवाजात काही ऐकू येईना म्हणून एकमेकांना हातवारे करून हसलात. मग खिडकीखालून जाताना तुमच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हे गळतंय ते काय आहे?" तुमच्या बाई घाईत होत्या बिचाऱ्या. त्या म्हणाल्या, "काही नाही गं, जुनी पेटी आहे. चला पुढे."

खोटं नाही ते. मी जुनी पेटी आहे आणि गळतेही. मला राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, तो आता उरलेला नाही. पण ते 'काही नाही' मात्र मनाला लागलं. महिनाअखेरीला माझ्या जागी एक नवं यंत्र येणार आहे. त्याला पडदा आहे, दिवे आहेत, ते आपलं आपण आकडे पाठवतं म्हणे. ते आलं की मला कोण विचारतंय? म्हणून, मित्रांनो, त्याआधी माझी हकीकत तुम्हाला सांगून टाकते.

दोन बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा लागेल, तेवढीच मी. अंग पत्र्याचं, रंग हिरवा, समोरच्या बाजूला जाड प्लॅस्टिकची खिडकी. आत चार खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत खडबडीत फरशीचा एकेक तुकडा उभा आहे. एका अंगानं, नदीचं पाणी आणणाऱ्या मोठ्या पाइपलाइनमधलं थोडं पाणी माझ्यात येतं, चार फरश्यांना वळसा घालून हळूहळू दुसऱ्या अंगानं निघून जातं. बस. मी काही ओढत नाही, फिरवत नाही, तापवत नाही. शिंपल्यांना माझ्यात येऊन बसू द्यायचं, एवढंच माझं काम.

आता तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? तुमच्याआधीही पुष्कळांनी तेच म्हटलं आहे.

वीज कशी तयार होते ते तुम्हाला त्या दिवशी सांगितलं असेल. पाणी उकळून वाफ करायची, वाफेनं चाक फिरवायचं. पण चाक फिरवून दमलेली वाफ पुन्हा थंड करून तिचं पाणी करावं लागतं. त्यासाठी नदीचं गार पाणी हजारो बारीक नळ्यांतून फिरवतात. एकेक नळी तुमच्या अंगठ्याएवढी रुंद. नदीत शिंपले असतात. मोठा शिंपला जाळीत अडकतो, त्याची भीती नाही. भीती पिल्लांची. शिंपल्याचं पिल्लू वाळूच्या कणाएवढं असतं, ते कुठल्याही जाळीतून आत येतं. जिथं पाणी जरा आळसावलेलं असेल अशी जागा ते बघतं आणि पाइपाला चिकटून बसतं. तिथंच खातं, तिथंच वाढतं. पुढे कधीतरी त्याचं कवच सुटतं, पाण्याबरोबर वाहत जातं आणि एखाद्या नळीच्या तोंडावर बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसतं. अशी शंभर-दोनशे बुचं बसली की वाफ थंड होत नाही, आणि सगळा कारखाना बंद ठेवावा लागतो.

माझ्या जन्माआधी तसंच झालं होतं. एकोणीस दिवस सगळं बंद होतं. माणसं पाइपांत शिरून खरवडण्या घेऊन शिंपले काढत होती, टोपल्या भरून बाहेर आणत होती. पंपघरामागे ढीग साचला होता. वास असा की जेवणाच्या सुट्टीत कोणी डबा उघडेना. हे सगळं मी ऐकलेलं सांगते आहे, पण इतक्यांदा ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच वाटतं.

त्या खरवडणाऱ्यांत एक फिटर होता. सडपातळ, थोडासा ताठ, अक्षर मोत्यासारखं. कारखान्यातल्या झाडून सगळ्या व्हॉल्ववरची नावं त्याच्याच हातची. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. ढीग उपसून झाल्यावर मास्तर कारखान्याच्या साहेबांना म्हणाला की शिंपले वाढल्यावर खरवडण्यात काही अर्थ नाही, ते येतात कधी तेवढं कळलं पाहिजे. पिल्लू असताना थोडं क्लोरीन पाण्यात सोडलं तरी ते मरतं. मोठा शिंपला मात्र क्लोरीनची चाहूल लागली की रुसलेल्या माणसासारखा तोंड मिटून बसतो, दिवसचे दिवस उघडतच नाही.

साहेब म्हणाले, "बघ बाबा, तुला काय करायचं ते कर."

मग मास्तरनं मला केलं. पत्रा हवेच्या एका फाटक्या नळाचा, खिडकी मोडक्या यंत्राच्या झाकणाची, फरश्या न्हाणीघर बांधताना उरलेल्या. वेल्डर सांधे जोडता जोडता हसत होता. "मास्तर, शिंपल्यांना खोली देताय का राहायला?"

"हो," मास्तर म्हणाला. "बिऱ्हाड आलं की आधी मला कळेल."

मला नाव पडलं 'चुगलखोर'. शिंपल्यांची चुगली करते म्हणून. मला ते नाव आवडायचं. लोक कौतुकानंच म्हणायचे तेव्हा.

दर गुरुवारी सकाळी दहाला मास्तर यायचा. झाकण उघडायचा, एकेक फरशी अलगद बाहेर काढून पसरट भांड्यात ठेवायचा आणि डोळ्याला भिंग लावून वाकायचा. त्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. पुसणं नाही, घासणं नाही. फरशीवर शेवाळ असो, गाळ असो, ते तसंच ठेवायचं, कारण शिंपल्याच्या पिल्लाला तेच आवडतं. बघून झालं की फरशी जिथल्या तिथं. मग खिशातलं पेन काढून माझ्या शेजारच्या वहीत तो नोंद करायचा. काही सापडलं तर लिहायचा, 'पेटीत सात'. काही नाही सापडलं तर, 'पेटी साफ'.

दोनच शब्द. पण काय देखणे लिहायचा. तेच दोन शब्द पुढे आमच्या मुळावर आले.

पहिल्याच वर्षी, नदीचं पाणी उबदार व्हायला लागलं तेव्हा, माझ्या तिसऱ्या फरशीवर सात कण चिकटले. मास्तरनं ते तीनदा मोजले आणि पळत प्रयोगशाळेत गेला. तीन आठवडे क्लोरीन सोडलं. वर्षाच्या शेवटी नळ्या उघडल्या तर आत एक शिंपला नाही. साहेबांनी माझ्या झाकणावर थाप मारली. माझा फोटो सूचनाफलकावर लागला, शेजारी मास्तरचा. त्याच्या फोटोत डोळे मिटलेले होते, म्हणून तो वर्षभर चिडवून घेत राहिला.

त्यानंतरची वर्षं नुसती कामाची गेली. शिंपले यायचे, मी दाखवायची, मास्तर लिहायचा, क्लोरीन सुटायचं. कारखाना एकदाही बंद पडला नाही. आणि कारखाना बंद पडत नाही म्हटल्यावर मी कशासाठी आहे ते लोक हळूहळू विसरले. साहेब बदलले, वेल्डर निवृत्त झाला. नवी माणसं माझ्या झाकणावर चहाचे कप ठेवायला लागली. कोणी ओले हातमोजे वाळत घालायचं. खिडकी धुरकटली, तळाचा एक सांधा गंजून गळायला लागला. मास्तर अधूनमधून त्याला लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरायचा आणि म्हणायचा, "तू आणि मी, दोघांनाही आता ठिगळं लागायला लागली."

आता धाकटीबद्दल सांगते. तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

धाकटी म्हणजे मास्तरची सर्वांत लहान बहीण. तो तिला 'धाकटे' म्हणूनच हाक मारायचा, मग सगळं पंपघर तेच म्हणायला लागलं. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी राहायला आली आणि पंपघरात साफसफाईच्या कामाला लागली. सात वर्षं हंगामी. तिच्यासारखं काम मी कोणाचं पाहिलं नाही. पंप असे पुसायची की पाळीवरचे लोक त्यात बघून भांग पाडायचे. दारातून कोणी चिखलाचे पाय घेऊन आला तर, मग तो साहेब का असेना, "पाय पुसा आधी. पंपघर आहे हे, नांगरलेलं शेत नाही," असं तोंडावर सांगायची.

मला मात्र ती हात लावायची नाही. "त्या पेटीकडे फिरकायचं नाही," असं मास्तरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी तशी कळकट, शेवाळलेली. येता-जाता ती माझ्याकडे बघून नाक मुरडायची, पण भावाचा शब्द मोडायची नाही.

त्या वर्षी तिला कायम करायचं घाटत होतं. साहेबांनी सांगितलं होतं की वर्षाअखेरपर्यंत तिच्या नावावर काही ठपका आला नाही तर कागद वर जाईल. कायम झालेल्यांना वसाहतीत एक खोली मिळते. धाकटीला तीच हवी होती. एकदा लादी पुसता पुसता ती भावाला म्हणाली होती, "तुझ्या घरात मला काही कमी नाही रे दादा. पण आतून कडी लावली की बाहेरचं कोणी 'उघड' म्हणणार नाही, असं एक दार मला पाहिजे." त्या दिवशी फरश्यांवरचे कण मोजताना मास्तर दोनदा चुकला.

त्याच सुमारास त्याचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, मोतीबिंदू पिकले. मला कळत होतं, भिंग लावूनही तो फरशी नाकाला टेकवायचा. ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली आणि एका मंगळवारी तो घाईघाईत लेकीकडे, दुसऱ्या गावी निघून गेला. एका डोळ्यानंतर दुसरा, मिळून दोन महिने लागणार होते. त्याच्या निवृत्तीलाही तेव्हा चारच महिने राहिले होते, पण पुढची दोन वर्षं माणसं शिकवायला त्याला ठेवून घ्यायचं कबूल झालं होतं. त्या बोलीवरच तो जगत होता. "घरी बसून काय करू? भिंती मोजू?" असं मला म्हणायचा.

प्रयोगशाळेत नव्या केमिस्ट मॅडम आल्या होत्या. हुशार, सरळ, पण कामाच्या ओझ्यानं वाकलेल्या. त्यांनी धाकटीला बोलावून सांगितलं, "मास्तर येईपर्यंत दर गुरुवारचं पेटीचं काम तुम्ही करा. वहीत नोंद करा. आधीचं बघा आणि तसंच लिहा."

धाकटीनं वही उघडली. थंडीचे दिवस होते. थंड पाण्यात पिल्लं येत नाहीत. त्यामुळे मागच्या वीस-बावीस ओळी बघाव्यात तर सगळीकडे एकच: पेटी साफ. पेटी साफ. पेटी साफ.

ती वही हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दादा दर गुरुवारी हिला साफ करत होता होय. तरी एवढी कळकट? पुरुषांचं घासणं ते."

आणि तिनं पदर खोचला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल पुढे कोणी खोटं बोललं असेल, कोणी आळस केला असेल. तसं काहीच झालं नाही. धाकटी दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला यायची, चारही फरश्या काढायची, ताठ ब्रशनं खसाखसा घासायची, माझा तळ, कोपरे, खिडकी, सगळं लख्ख करायची. आणि जे केलं तेच लिहायची: पेटी साफ.

पहिले तीन गुरुवार ठीक गेले. चौथ्या गुरुवारी माझ्या फरश्यांवर नऊ कण बसले होते. वाळू सरकते, हे सरकत नव्हते. मला लगेच कळलं. बावीस वर्षं दुसरं काय केलं मी? मी वाट बघत होते की आता ती वाकेल, बघेल. ब्रश फिरला आणि नऊच्या नऊ मोरीत गेले. तिनं हात पुसले आणि वहीत लिहिलं.

नाव चुगलखोर, आणि तोंड नाही. एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. माझ्यावरचे कण तिनं काढले, पण मोठ्या पाइपांतले कोण काढणार? तिथं ते हजारांनी चिकटत होते. पाचव्या गुरुवारी माझ्यावर चौदा होते. सहाव्या गुरुवारी एकवीस. ते सगळे मोरीत गेले. मी रडले म्हणावं तर पेटीच्या गळण्याकडे कोण लक्ष देतं?

मास्तर लेकीच्या घरून फोन करायचा. धाकटी माझ्याशेजारीच उभी राहून बोलायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. डोळ्यांवर पट्टी होती, पण जीव इथं अडकलेला.

"पेटीचं काय?"

"साफ आहे, दादा."

"गुरुवार चुकवत नाहीस ना?"

"एकही नाही."

"शाबास," तो म्हणायचा, आणि निर्धास्त होऊन फोन ठेवायचा.

मॅडमनाही तसंच वाटलं. यंदा पाणी उशिरा तापतंय, अजून पिल्लं आलेली नाहीत, मग क्लोरीन कशाला सोडायचं. एकदा दारातूनच त्या धाकटीला म्हणाल्या, "किती नेमानं लिहिता तुम्ही." धाकटी त्या दिवशी फार खुशीत होती. कायम होण्याच्या कागदाला आपला थोडा हातभार लागला, असं तिला वाटलं असणार.

नऊ गुरुवार झाले. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मास्तर परत आला. नवा चष्मा, नवी नजर. आल्या आल्या म्हणाला, "अरे, या भिंतीला इतके डाग होते होय?" सगळे हसले. मग तो माझ्याकडे आला, झाकण उघडलं, पहिली फरशी काढली आणि तसाच उभा राहिला.

फरशी पांढरीशुभ्र होती. दोन महिने नदीच्या पाण्यात उभी राहिलेली फरशी पांढरी नसते.

"ही कोणी घासली?"

"मी," धाकटी पुढे येत म्हणाली. "कशी लखलखतेय बघ. तुला इतक्या वर्षांत जमलं नाही."

तो ओरडला नाही. स्टूल ओढून बसला, वही मांडीवर घेतली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवलं. नऊ ओळी.

"धाकटे, घासताना हाताला काही लागायचं?"

"वाळू. चिवट होती मेली. जोरात ब्रश मारावा लागायचा."

"कधीपासून?"

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "चौथ्या गुरुवारपासून," ती म्हणाली. तिनं माझ्या कडेला हात टेकला.

तासाभरात मोठ्या लाइनचं एक झाकण उघडलं. आत बोट ठेवायला जागा नव्हती. नखाएवढे झालेले शिंपले, एकावर एक थर. आता क्लोरीन सोडूनही उपयोग नव्हता, बहुतेक तोंड मिटून बसले असते आणि जे मेले असते त्यांची कवचं नळ्यांकडे धावली असती. कारखाना बंद करावा लागला. गावात पाळीपाळीनं वीज जायला लागली.

अकरा दिवस खरवडण्याचा आवाज चालला होता. तुम्ही पाटीवर खडू करकरवता ना, तसा, पण संपता संपत नाही असा. धाकटी कोणी न सांगता त्या कामाला गेली. पाइपाच्या तोंडाशी बसून टोपल्या ओढायची, उरलेलं स्वतः खरवडायची. कवचं धारदार असतात. तिसऱ्या दिवशी तिच्या बोटांना फडकी बांधलेली होती. कोणी पाय न पुसता आत आलं तरी ती काही म्हणत नव्हती.

चौथ्या दिवशी साहेब आले. मॅडम, मास्तर आणि धाकटी माझ्यासमोरच उभे राहिले. साहेबांच्या हातात अहवालाचा कागद होता. चूक कोणाची, या रकान्यात एक नाव लिहावं लागणार होतं.

मॅडम आधी बोलल्या. "आधीचं बघा आणि तसंच लिहा, असं मी सांगितलं. नऊ आठवड्यांत एकदाही इथं येऊन पेटी बघितली नाही. हे माझं चुकलं."

"ते बघू पुढे," साहेब म्हणाले. "पण या नोंदी कोणाच्या?"

"माझ्या," धाकटी म्हणाली. "मी साफ केली, म्हणून साफ लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही, साहेब." आणि मग अगदी हळू, "माझं नाव लिहिलंत तर मला कायम करणार नाहीत ना?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. वाईट माणूस नव्हता तो. पण रकाना रिकामा होता.

मास्तरनं वही उचलली. पार पहिलं पान काढलं, बावीस वर्षांपूर्वीचं, आणि साहेबांसमोर धरलं. "साहेब, एवढं वाचून दाखवा."

"पेटी साफ," साहेबांनी वाचलं.

"म्हणजे काय केलं?"

"पेटी साफ केली. दुसरं काय?"

"नाही," मास्तर म्हणाला. "पेटीत एकही शिंपला सापडला नाही, असा त्याचा अर्थ आहे. हातसुद्धा लावायचा नसतो पेटीला."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मग तसं सरळ का नाही लिहिलंत?"

"मला कळत होतं म्हणून," मास्तर म्हणाला. "लिहिणारा मी, वाचणारा मी. दुसऱ्या कोणाला हे वाचावं लागेल असं कधी मनातच आलं नाही. हिनं त्याचा जो अर्थ घेतला, तोच आत्ता तुम्ही घेतलात. शब्द माझा आहे, साहेब. तिथं माझं नाव लिहा."

"मास्तर, मग पुढची दोन वर्षं..."

"ठाऊक आहे मला."

"दादा, नको," धाकटी म्हणाली.

"तू गप बस. मोठी माणसं बोलतायत."

चाळिशी उलटलेल्या बहिणीला तो असं म्हणाला, आणि मॅडमनी तोंड खिडकीकडे वळवलं. साहेबांनी नाव लिहिलं. मला त्या वेळी तोंड असतं तरी मी काय बोलले असते कोण जाणे. जे खरं होतं ते मास्तर बोलून गेला होता.

संध्याकाळची पाळी सुटल्यावर धाकटी त्याच्यावर भडकली. रडत होती आणि भांडत होती. "माझ्यासाठी कशाला केलंस असं? मी मागितलं होतं का?"

"तुझ्यासाठी नाही केलं. चूक खरंच माझी होती."

"खोटं नको बोलूस."

"बरं, थोडं तुझ्यासाठी," तो म्हणाला. तेव्हा कुठे ती स्टुलावर बसली आणि मनसोक्त रडली.

चूक त्याची होतीच. मला त्याची माया आहे, तरी सांगते. आपल्याला कळतं तेवढ्यावर माणूस थांबतो, आणि मग दुसऱ्याची बोटं कापली जातात.

दोन महिन्यांनी मास्तर निवृत्त झाला. भाषणं झाली नाहीत, नुसता चहा झाला. शेवटच्या गुरुवारी त्यानं धाकटीला भिंग दिलं आणि पिल्लू आणि वाळू यांतला फरक दाखवला. वाळूला टाचणीनं ढकललं की ती सरकते, पिल्लू जागचं हलत नाही. मग पांढरा रंग घेऊन माझ्या झाकणावर लिहिलं, 'बघा. घासू नका.' अक्षर तसंच मोत्यासारखं. त्या दिवसापासून माझ्यावर कोणी चहाचा कप ठेवलेला नाही.

वर्षाअखेरीला धाकटी कायम झाली. वसाहतीत तिला खोली मिळाली, आतून कडी असलेली. पहिल्या दिवशी तिनं ती कडी लावून बघितली, काढली, पुन्हा लावली, असं तिनं मला स्वतः सांगितलं. आणि गुरुवारचं काम आता रीतसर तिचं आहे. वहीत ती मास्तरसारखं दोन शब्दांत उरकत नाही. जे बघितलं ते सगळं लिहिते. अक्षर तिचं वाकडंतिकडं आहे, पण कोणीही वाचावं आणि त्याला कळावं.

मास्तर आता लेकीकडे राहतो. गुरुवारी सव्वादहाला फोन वाजतो. "कशी आहेस" वगैरे काही नाही, तो एकच शब्द विचारतो.

"किती?"

"अकरा."

"घासली नाहीस ना?"

"नाही रे बाबा," धाकटी म्हणते. मग दोघं हसतात, आणि त्यानंतर तब्येत, औषधं, नातवंडं, असं कितीतरी वेळ बोलत बसतात. पण सुरुवात माझ्यापासून होते.

म्हणून मला नव्या यंत्राची काळजी वाटते. ते माझ्यापेक्षा चांगलं मोजेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी थकले आहे, मित्रांनो. तळाला लांबी राहत नाही, खिडकीतून मलाच बाहेरचं नीट दिसत नाही. पण ते यंत्र आकडा थेट मॅडमच्या टेबलावर पाठवणार. मग गुरुवारी दहा वाजता पंपघरात वाकून बघायला कोणी कशाला येईल? आणि सव्वादहाला तो म्हातारा 'किती?' म्हणून विचारणार कोणाला?

तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब व्हाल, कोणी मॅडम. जुन्या वस्तू काढून टाकायची यादी तुमच्या हातात येईल. तेव्हा प्रत्येक वस्तू एकदा वाकून बघा, तिच्याशी कोणाचं काय जोडलेलं आहे ते विचारा, आणि मगच यादीत लिहा. लिहाल तेही असं लिहा की तुमच्यानंतर येणाऱ्याला कळेल. माझ्यापुरतं म्हणाल तर मला फार काही नको. कोपऱ्यात ठेवलं तरी चालेल, एक नळ तेवढा बारीक चालू ठेवा.

तुमची रांग गेल्यावर, याच गुरुवारी, धाकटीनं वहीत लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवते. 'पेटी बघितली. चारही फरश्या भिंगातून बघितल्या. सहा दिसले, तिसऱ्या फरशीवर. मॅडमना सांगितलं. पेटी घासली नाही. दादाला फोन करायचा आहे.'